आंबोळी घरची, पाव दारचा

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी स्त्री-पुरुष समानतेवर एक लेख असतो, पर्यावरणावर एक असतो आणि 'मोबाईल : शाप की वरदान' यावर किमान दोन असतात. पावावर आजवर एकही लेख आल्याचे मला आढळले नाही. पाव हा काही कला महाविद्यालयाचा विषय नव्हे, असे आपण गृहीत धरले असावे. मला ते मान्य नाही. घरी भाजलेला पाव फुगत का नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे रसायनशास्त्र लागते हे खरे. पण त्याहून अधिक लागतो तो आपला सामाजिक इतिहास. तो विषय तर आपल्याच इमारतीत शिकवला जातो.

आधी माझे म्हणणे सांगून टाकतो. आपल्या सिंधुदुर्गात आंबोळी न येणारे घर सहसा सापडायचे नाही. पीठ किती वाटायचे, किती वेळ ठेवायचे, पावसाळ्यात काय करायचे आणि मे महिन्यात काय, हे कुणी वहीत लिहून ठेवीत नाही. पण हेच घर हौसेने पाव करायला बसले, की वीट तयार होते. मग यीस्ट जुने होते, ओव्हन बिघडला, मैदा खराब निघाला, अशी कारणे पुढे येतात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष यांपैकी कशाचाही नसतो. आंबोळीच्या पिठाकडे आपण ज्या नजरेने पाहतो ती नजर पाव करताना बाजूला ठेवतो आणि घड्याळाकडे पाहू लागतो. ही नजर आपण बाजूला का ठेवतो? कारण आंबोळी घरात जन्मली आणि पाव नेहमी दारावर आला.

'पाव' हा शब्दच पाहा. 'पायाने तुडवतात म्हणून पाव' अशी एक व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकतो. ती साफ खोटी आहे. पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' अशासारखा सानुनासिक शब्द आहे. तोच आपल्याकडे आला. पण खोट्या व्युत्पत्त्यासुद्धा काही तरी सांगत असतात. पावाविषयीची किळस त्या गमतीदार व्युत्पत्तीत जपून ठेवली गेली आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तांदूळ खाणाऱ्या या मुलखात गव्हाचा पाव त्यांच्याबरोबर आला. युरोपातले खमीर इथे हाताशी नव्हते. होती ती माडाची सुर. सुरेत यीस्ट आपोआप वाढते. तिनेच पीठ आंबवायला सुरुवात झाली आणि इथल्या मातीतला एक पाव तयार झाला. तो भाजणारा तो पोदेर. हा शब्दही पोर्तुगीजच. कोंड्याची पोई, कडक पाठीचा उंडो, बांगडीसारखे कांकण, कात्रीने कापल्यासारखा कातरो : एवढे प्रकार त्याच्या टोपलीत असतात. सायकलचा भोंगा वाजला, की दार उघडायचे आणि पिशवी पुढे करायची. आपल्या बाजूलाही पाव असाच दारावर येत राहिला. उंबऱ्याच्या आत आला तो तयार होऊनच.

उंबऱ्याचा हा प्रश्न हलका नव्हता. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्या या गुप्त मंडळात प्रवेश करताना सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. विचार करा, जात मोडल्याची खूण म्हणून त्यांनी निवडली ती वस्तू पाव होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी विस्कळीत झाली. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून जो गहजब उडाला तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. टिळक आणि रानडे यांच्यासारख्या माणसांनासुद्धा त्या प्रकरणात प्रायश्चित्तापासून सुटका मिळाली नाही. ज्या समाजात भट्टीत भाजलेला एक जिन्नस खाल्ल्याने पंगत मोडत होती, त्या समाजातल्या स्वयंपाकघराने तो जिन्नस करायला शिकावे, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

अर्थात सगळे जातीवर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. दुसरे कारण अगदी व्यवहाराचे आहे. आपल्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. चुलीवर तवा चढतो, टोप चढतो. चारी बाजूंनी सारखी आच देणारी बंद पोकळी चुलीत मिळत नाही. अशी भट्टी तापवायला लाकूड इतके लागते, की चार पावांसाठी ती पेटवणे कुणालाच परवडणारे नाही. युरोपातही अनेक खेड्यांत सामायिक भट्टी असे, घरोघर नव्हे. शिवाय भट्टीचे काम रात्रीचे, जड आणि पुरुषांनी करायचे, तर घरचा स्वयंपाक बाईच्या गळ्यात. पाव या दोन्हींच्या मधोमध अडकला. आता मात्र परिस्थिती पालटली आहे. छोटा विजेचा ओव्हन अनेक घरांत आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर ज्याने जन्मात पोळी लाटली नव्हती तोही मैदा मळू लागला होता. भट्टीची अडचण बरीचशी सुटली. राहिली ती नजरेची.

म्हणून आता थोडे पिठाकडे वळू. कला शाखेच्या वाचकाने घाबरून पान उलटू नये. जे सांगणार आहे ते आपल्या घरात रोज घडते.

कोणतेही पीठ फुगायचे तर दोन गोष्टी लागतात. आत वायू तयार व्हावा लागतो आणि तो वायू धरून ठेवणारे काही तरी लागते. आंबोळीत वायू तयार करण्याचे बरेचसे काम जिवाणू करतात, थोडे यीस्ट करते; आणि तो धरून ठेवतो उडदाचा चिकटपणा. म्हणून तर नुसत्या तांदळाचे पीठ कितीही आंबवले तरी तशी जाळी पडत नाही. पावात वायू यीस्ट तयार करते आणि तो धरून ठेवते ते गव्हातले ग्लुटेन. गव्हात दोन प्रथिने असतात. पाणी लागले की ती एकमेकांत गुंततात. एकामुळे पीठ ताणले जाते, दुसऱ्यामुळे ते मागे ओढले जाते. मळल्याने हे जाळे सुसूत्र होते आणि त्यात वायूचे असंख्य लहान फुगे अडकतात. पाव फुगतो म्हणजे हे फुगे मोठे होतात. पाव बसतो म्हणजे एक तर फुगे पुरेसे भरले नाहीत, किंवा त्यांच्या भिंती फुटल्या. दोनच शक्यता. घरच्या पावाच्या बहुतेक तक्रारी या दोन कप्प्यांत बसतात.

आता गंमत अशी, की ग्लुटेनचे जाळे कसे घडवायचे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पुरणपोळीची कणीक तिंबतात ती कशासाठी? तेलपाणी लावून, आपटून, ओढून ती इतकी सैल आणि चिवट करतात, की पुरणाचा गोळा पोटात घेऊनही ती फाटत नाही. बेळगावकडचे मांडे हातावर फिरवून रुमालासारखे पातळ केले जातात, ते याच गुणावर. पावाच्या पिठाची परीक्षा अगदी हीच आहे. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणावा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पापुद्रा न फाटता निघाला, तर मळणे पुरे. आधीच फाटला, तर अजून मळायचे. रेमंड कॅल्व्हेल नावाच्या फ्रेंच पावतज्ज्ञाने १९७४ मध्ये असे दाखवून दिले, की पीठ आणि पाणी नुसते कालवून अर्धा तास स्वस्थ ठेवले, तर पुढे मळण्याचे कष्ट काही प्रमाणात वाचतात आणि पावाचा पोतही सुधारतो. त्याने त्या कृतीला 'ऑटोलिझ' असे भारदस्त नाव दिले. 'कणीक भिजवून ठेव, मग पोळ्या कर' असे आपल्या घरात रोज म्हटले जाते, त्यामागे हेच आहे. फक्त आपण त्याला नाव दिले नाही. कॅल्व्हेलचे श्रेय मी कमी करीत नाही, त्याने कारण शोधले. पण कृती ठाऊक असून कारण न शोधणे आणि ज्यांच्या हाती कृती आहे त्यांना अडाणी समजणे, हा आपला जुना रोग आहे.

आमच्या घरी आंबोळीचे खाते मोठ्या काकीकडे आहे. पाव ती खाते तो चहात बुडवून, तोही तापात. गेल्या डिसेंबरात मी पावाचे पीठ मळून ठेवले होते. पुस्तकात 'एक तास' असे छापलेले होते आणि तास भरला होता. काकी सहज तिथे आली. तिने फडके उचलले, भांडे जरा हलवून पाहिले, एका बोटाने पीठ दाबले आणि म्हणाली, "पीठ अजून येवक नाय रे. वायच थांब." आणखी पाऊण तासाने तीच येऊन म्हणाली, "आता इला." पाव उत्तम झाला. ज्या बाईने आयुष्यात पाव भाजला नाही तिला पावाचे पीठ कळले. पुस्तकाला कळले नाही, कारण पुस्तक ज्या गावी लिहिले गेले तिथली हवा त्याला ठाऊक. आमच्या ओटीवरची डिसेंबरची सकाळ त्याला कशी ठाऊक असणार?

हे बोटाने दाबणे म्हणजे काही चमत्कार नव्हे. बेकरीतले लोकही तेच करतात. दाबलेला खळगा लगेच भरून आला, तर पिठाला अजून वेळ हवा. हळूहळू आणि अर्धामुर्धा भरला, तर पाव भट्टीत घालावा. भरलाच नाही, उलट आजूबाजूचे पीठही खचले, तर वेळ टळून गेली. भिंती पातळ होऊन फुटायला आल्या. असे पीठ पुन्हा हलके मळून आकार द्यावा आणि थोडे फुगू द्यावे. बहुतेक वेळा ते सावरते.

आपल्याकडच्या हवेचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पावाची बहुतेक पुस्तके थंड देशांतून आलेली आहेत किंवा तिथल्या पुस्तकांवरून तयार झालेली आहेत. 'पीठ उबदार जागी ठेवावे' असे त्यांत हटकून असते. कोकणात मे महिन्यात उबदार जागा शोधायची म्हणजे समुद्रात पाणी शोधण्यासारखे आहे. बत्तीस-तेहतीस अंशांवर आणि त्यांनी सांगितले तेवढे यीस्ट घालून पीठ पाऊण तासात उतू जाते. दिसायला ते छान फुगलेले असते. पण चव यायला जो वेळ लागतो तो त्याला मिळालेला नसतो. पाव मोठ्या भोकांचा, भुरभुरीत होतो आणि त्याला दारूसारखा वास येतो. आपल्याला उलटे करायला हवे. यीस्ट निम्मे घालावे, पाणी माठातले घ्यावे आणि भांडे घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावे. फ्रिज असेल तर मळलेले पीठ तासाभराने त्यात ठेवून रात्र काढू द्यावी. थंडीत यीस्ट मंदावते, पण थांबत नाही. सकाळी पीठ आकाराला सोपे जाते आणि पावाला चव येते. आंबोळीचे पीठ उन्हाळ्यात उशिरा वाटतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला एवढे सुचायला हरकत नव्हती.

प्रमाणाविषयी मात्र मी काकीच्या बाजूचा नाही. वाटीने मोजून पाव करू नये. एकाची वाटी दाबून भरलेली, दुसऱ्याची हलकी. त्यात पावसाळ्यात पीठ ओल धरते. वजनकाटा घ्यावा. मैदा ५०० ग्रॅम, पाणी सुमारे ३२५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. बारीक दाण्यांचे कोरडे यीस्ट थंडीत ५ ग्रॅम, उन्हाळ्यात दोन-अडीच. साखर नसली तरी चालते. पिठातल्याच स्टार्चमधून यीस्टला खाद्य मिळते. पाणी गरम नको. पंचावन्न-साठ अंशांच्या पाण्यात यीस्ट मरते आणि मग दिवसभर वाट पाहिली तरी काही होत नाही. पीठ हाताला चिकटते म्हणून मूठ-मूठ मैदा घालत जाणे, हे पाव दगड होण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. चिकटू द्यावे. दहा मिनिटे मळल्यावर ते आपणहून हात सोडते.

चक्कीच्या आट्याचा पाव करायचा असेल तर आणखी सांभाळावे लागते. आपला आटा पोळीसाठी दळलेला असतो. जात्याच्या दाबाने त्यातला स्टार्च बराच दुखावतो, तो पाणी जास्त पितो. पोळी मऊ राहते ती त्यामुळेच. पण पावाला तो गुण उपयोगी नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे तोडतात ते वेगळेच. म्हणून निव्वळ आट्याचा पाव मैद्याच्या पावाइतका फुगावा हा हट्टच सोडावा. एक भाग आटा, दोन भाग मैदा, पाणी थोडे अधिक आणि भिजवल्यावर अर्धा तास विश्रांती, एवढे केले की खाण्याजोगा पाव होतो. भाजायला २०० ते २२० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटे लागतात. ओव्हन आधी चांगला तापलेला असावा. पहिल्या काही मिनिटांत पाव शेवटची उसळी घेतो, थंड ओव्हनमध्ये ती हुकते. आणि बाहेर काढल्यावर तासभर सुरी लावू नये. आतला स्टार्च बसायचा असतो. गरम पाव कापला की आत लगदा दिसतो आणि लोक म्हणतात कच्चा राहिला.

कुणी म्हणेल, हा एवढा खटाटोप कशासाठी? कोपऱ्यावरच्या दुकानात पिशवीतला ब्रेड मिळतो. मिळतो, आणि मीही तो खातो. वसतिगृहात राहणाऱ्याने पिशवीतल्या ब्रेडची निंदा करणे म्हणजे कृतघ्नपणा आहे. १९६५ मध्ये भारत सरकारनेच मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि कापलेला ब्रेड सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. २००० साली ती खाजगी कंपनीला विकली गेली. ब्रेडने कारकुनांचे डबे भरले, आजाऱ्यांना आधार दिला. तेव्हा 'घरचे ते अमृत आणि बाहेरचे ते विष' या पंथाचा मी नाही. पण त्या ब्रेडमध्ये काय गाळले गेले हे ठाऊक असावे. १९६१ मध्ये इंग्लंडमधील चोर्लीवुड येथे एक पद्धत निघाली. पीठ यंत्रात अतिवेगाने घुसळायचे, त्यात पीठसुधारक द्रव्ये आणि जास्त यीस्ट घालायचे, की तासन्‌तास आंबवण्याची गरजच उरत नाही. कारखान्यांनी जगभर असे मार्ग धरले. पावातून गाळला गेला तो वेळ. त्याच्या जागी द्रव्ये आली. त्यांतले पोटॅशियम ब्रोमेट हे पीठ बळकट करणारे द्रव्य आपल्याकडेही सर्रास वापरले जात होते. त्यावर २०१६ मध्ये बंदी आली. जे काम चार तासांचा निवांतपणा फुकट करतो, ते काम करायला हे द्रव्य होते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

आणि आता शहरांत उलटी फॅशन आली आहे. नैसर्गिक खमिराचा, रात्रभर आंबवलेला, कडक पाठीचा पाव 'सावरडो' या नावाने चांगल्या काचेच्या दुकानांत महाग विकला जातो. पाव चांगला असतो, तक्रार नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर सुरेने आंबवलेला गोव्याचा पाव येतो. तोही नैसर्गिक खमिराचाच होता. आता सूर मिळत नाही, माडावर चढणारे कमी झाले, आणि बहुतेक भट्ट्यांत पुडीतले यीस्ट आले. पोदेरांची मुले रात्रीच्या भट्टीवर उभी राहायला तयार नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. आपण त्या कौशल्याला कधी विद्या म्हटले नाही. दारावरच्या माणसाशी आपला संबंध सुट्या पैशांपुरता. फ्रान्समधल्या पावतज्ज्ञाचे नाव या लेखात आले, त्याची पुस्तके आहेत म्हणून. पण सुरेने पीठ आंबवण्याची रीत ज्यांनी बसवली त्यांच्यातल्या एकाचेही नाव मला देता येत नाही.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे दरवर्षी व्याख्यानमाला होते. तीन दिवस मान्यवर येतात, शाल घेतात, जातात. त्यातला एक दिवस गोव्याकडच्या एखाद्या जुन्या पोदेराला बोलवावे. त्यालाही शाल आणि मानधन द्यावे, इतरांना देतो तेवढेच. व्यासपीठावर मात्र बसवू नये, त्याच्यापुढे पिठाची परात ठेवावी. मराठीच्या मुलांनी त्याच्याकडून त्याच्या धंद्यातले शब्द टिपून घ्यावेत, इतिहासाच्या मुलांनी त्याच्या आजोबांच्या भट्टीची हकीकत लिहून घ्यावी. त्याच दिवशी दोन-चार घरांतल्या आंबोळीवाल्या काकींनाही बोलवावे. त्यांचे एकमेकांशी काय बोलणे होते ते मला ऐकायचे आहे.

भट्टी कुठून आणायची, असा प्रश्न निघेलच. ओव्हन नसला तरी अडत नाही. मेसमधला मोठा कुकर घ्यावा, त्याची शिटी आणि रबर काढून ठेवावे. तळाशी दोन बोटे जाड मीठ पसरावे, वर तिवई ठेवावी आणि झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे तापवावा. मग पिठाचा डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे भाजावे. वरची बाजू पांढुरकी राहते. ती शेवटी पाव तव्यावर उलटा टाकून लाल करता येते. मीठ नंतर खायला चालत नाही, पण पुढच्या पावासाठी तेच पुन्हा वापरता येते.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)